रायटिंगचा बँड साडेसहावरच अडकतोय? आधी नवे निबंध लिहिणं थांबवा

परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे बँड, म्हणजे ९ पैकी मिळणारे गुण, समजा असे आहेत: लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५. सरासरी येते ७.२५, ती नियमाप्रमाणे वर सरकून एकूण बँड ७.५ होतो. निकाल झकास दिसतो, पण अर्ज मात्र अडलेला. कारण अर्जाच्या अटींत लिहिलेलं असतं की कुठल्याही एका विभागात ७ पेक्षा कमी चालणार नाही. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा तीच तयारी आणि पुन्हा तेच साडेसहा.

आयईएलटीएस देणाऱ्यांची ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. जगभरच्या सरासरीतही चार विभागांत रायटिंग बहुतेक वेळा तळाला असतं, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. मी स्वतः पहिल्यांदा ६, मग ६.५, मग परत ६.५ अशी लटकले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षेच्या मधे मी चाळीसेक निबंध लिहिले. बोटं दुखली, बँड तसूभर हलला नाही. चौथ्या वेळी फक्त सहा लिहिले, त्यातले चार तर जुनेच होते, पुन्हा लिहिलेले. तेव्हा ७.५ आले. नंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांचे निबंध तपासून दिले आणि प्रत्येक वेळी तेच दिसलं: माणूस चुकतो त्याच जागी चुकत राहतो आणि सरावाने ती चूक आणखी घट्ट बसते.

पुढचं सगळं ॲकॅडमिक परीक्षेला, म्हणजे मुख्यतः उच्च शिक्षणासाठी देतात त्या प्रकाराला धरून आहे. त्यात रायटिंगचे दोन भाग असतात: टास्क १ मध्ये आलेखासारख्या माहितीचं वर्णन, टास्क २ मध्ये निबंध. जनरल ट्रेनिंग हा दुसरा प्रकार देणाऱ्यांना टास्क १ मध्ये पत्र लिहायचं असतं, तेवढा भाग सोडून द्या. टास्क २ चं दुखणं दोन्हीकडे एकच.

साडेसहा म्हणजे नक्की काय झालं?

निकालपत्रावर रायटिंगसमोर एकच आकडा असतो. कुठे कमी पडलात हे कोणी सांगत नाही, उत्तरपत्रिका परत मिळत नाही. म्हणून बहुतेक जण "इंग्रजी कच्चं आहे" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात आणि शब्द पाठ करायला बसतात. इथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते.

त्या एका आकड्याच्या मागे चार वेगवेगळे निकष आहेत आणि चारही समान वजनाचे. पहिला टास्क रिस्पॉन्स, म्हणजे विचारलं त्याचं उत्तर दिलं का. टास्क १ मध्ये यालाच टास्क अचीव्हमेंट म्हणतात. दुसरा कोहिरन्स अँड कोहिजन, म्हणजे मांडणी आणि सांधेजोड. तिसरा लेक्सिकल रिसोर्स, शब्दसंपदा. चौथा ग्रामॅटिकल रेंज अँड ॲक्युरसी, व्याकरण. दोन टास्कपैकी टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट. कुठल्या बँडला काय अपेक्षित आहे याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्यांनीच खुला ठेवला आहे, २०२३ मध्ये त्यात सुधारणाही झाली. तीनदा परीक्षा दिलेल्या माणसाने तो एकदाही वाचलेला नसतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. मीही वाचला नव्हता.

आता हिशेब करा. ७, ७, ६, ६ यांची सरासरी ६.५. म्हणजे साडेसहावाल्याचं इंग्रजी सरसकट साडेसहाचं असतंच असं नाही. दोन पाय मजबूत असतात आणि दोन लंगडे. लंगडे कुठले ते कळलं तर निम्मं काम झालं.

ते शोधायला तुमचे आधीचे तीन निबंध काढा, वेळ लावून लिहिलेले आणि न सुधारलेले. किमान आठवडाभर जुने असतील तर उत्तम, ताज्या निबंधातली चूक आपल्याला दिसत नाही.

एक: निबंध कोणाला तरी वाचायला द्या, पण प्रश्न दाखवू नका. "मला काय विचारलं असेल, सांग" म्हणा. समोरचा प्रश्नाच्या जवळपास पोचला तर ठीक. "ट्रॅफिकबद्दल काहीतरी असेल" असं म्हणाला तर दुखणं पहिल्या निकषात.

दोन: मोरओव्हर, फर्दरमोअर, इन ॲडिशन, ऑन द अदर हँड हे सगळे जोडशब्द पेन्सिलने खोडा आणि परिच्छेद पुन्हा वाचा. तरीही एकातून दुसरं वाक्य निघतंय असं वाटलं तर मांडणी चांगली आहे. वाक्यं सुट्या मण्यांसारखी घरंगळली तर दुखणं दुसऱ्यात.

तीन: जे शब्द तुम्ही बोलताना कधीच वापरणार नाही त्यांना गोल करा. प्रत्येकासाठी आणखी दोन वाक्यं झटकन सुचतात का बघा. न सुचल्यास तो शब्द उसना आहे.

चार: एकूण वाक्यं मोजा आणि त्यातली एकही चूक नसलेली वाक्यं मोजा. "द" राहिला तरी ती चूक धरायची. ७ च्या बँडला निर्दोष वाक्यं वारंवार दिसायला हवीत असं तक्ता सांगतो. ८ ला बहुतांश वाक्यं निर्दोष हवीत. माझा आपला ठोकताळा असा की पंधरापैकी आठ-नऊ स्वच्छ निघाली तर ७ ची आशा धरावी. माझ्या तिसऱ्या परीक्षेच्या आधीच्या निबंधात पंधरातली चार निघाली होती. चार! आणि मी ओझोनच्या थरावर नवे शब्द पाठ करत होते.

विषयावर लिहिलंत, प्रश्नावर नाही

हे सगळ्यांत मोठं कारण, म्हणून इथे जरा थांबते.

समजा प्रश्न असा आहे: शहरांतली वाहतूककोंडी कमी करण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे सार्वजनिक वाहतूक मोफत करणं, असं काही लोकांना वाटतं. तुम्ही याच्याशी कितपत सहमत आहात?

एकीने मला यावरचा निबंध पाठवला होता. इंग्रजी स्वच्छ, अक्षरन् अक्षर तपासलेलं. त्यातला मधला परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा:

"मोफत बससेवेचे अनेक फायदे आहेत. पहिला म्हणजे लोकांचे पैसे वाचतात. शिवाय खासगी गाड्या कमी झाल्याने प्रदूषण घटतं. त्याचबरोबर अपघातही कमी होतात. परिणामी नागरिक निरोगी राहतात आणि देशाची प्रगती होते."

वाचायला काही खटकत नाही. पण प्रश्न फायदे विचारत नव्हता. प्रश्नात दोन खिळे ठोकलेले आहेत: "मोफत" आणि "सर्वांत चांगला". पैसे वाचतात हे खरं, पण त्याने कोंडी कमी होते का? खासगी गाड्या कमी होतील हे तिने गृहीत धरलं, आणि नेमका तोच तर वादाचा मुद्दा होता. शिवाय पाच वाक्यांत पाच मुद्दे, एकही फुलवलेला नाही. मुख्य कल्पना आहेत पण त्यांचा पुरेसा विस्तार नाही, हे तक्त्यात ६ च्या रकान्यात येतं.

मी तिला एकच काम दिलं. चार मुद्दे फेकून दे, एकच ठेव आणि त्याला दोनदा विचार, "असं का?" आणि "मग काय होईल?". दुसऱ्या दिवशी जे आलं ते साधारण असं होतं:

"भाडं रद्द केल्याने गाडीवाला माणूस बसकडे वळेल असं नाही, कारण तो मुळात भाडं वाचवायला गाडी चालवत नाही. बस अर्ध्या तासाने येते आणि वाटेत दोनदा बदलावी लागते, म्हणून चालवतो. तिकीट शून्य झालं तरी हा वेळ तेवढाच राहतो. उलट आजवर पायी किंवा सायकलने जाणारे लोक फुकट बसमध्ये चढतील, आणि बस भरल्या तरी रस्त्यावरच्या गाड्यांची संख्या तीच राहील."

यात एकही भारी शब्द नाही. इंग्रजीतही नव्हता. पण पहिलं वाक्य भूमिका घेतं, दुसरं तिचं कारण देतं, तिसरं परिणाम सांगतं आणि चौथं त्याला एक वळण देतं. ठळक जोडशब्द "कारण", "म्हणून" आणि "उलट" एवढेच, तरी वाक्यं हलत नाहीत. म्हणजे दुसरा निकषही न मागता सुधारला.

उदाहरणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. "एका नामांकित विद्यापीठाच्या संशोधनानुसार ७३ टक्के लोकांना..." हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या निबंधात असतं, टक्केवारी तेवढी बदलते. परीक्षक तुमची आकडेवारी तपासायला बसलेला नाही, त्यामुळे खोटा आकडा घालून काहीच पदरात पडत नाही. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली, हे तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. ठाऊक नसेल तर "कामावर वेळेत पोचायची घाई असलेला माणूस" हे उदाहरणही तितकंच चालतं. मुद्द्याला चिकटलेलं असलं म्हणजे झालं.

प्रश्न कोणत्या जातीचा आहे तेही लिहायला बसण्याआधी नक्की करा. "टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री" यात तुमचं मत हवं. "डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओन ओपिनियन" यात तीन कामं आहेत: ही बाजू, ती बाजू आणि तुमचं मत. तिसरं काम शेवटच्या ओळीत घाईघाईने उरकलेलं असतं किंवा विसरलेलं असतं. "डू द ॲडव्हान्टेजेस आउटवे द डिसॲडव्हान्टेजेस" यात फायदे-तोटे मोजून दाखवणं पुरेसं नाही, पारडं कुठे झुकतं ते सांगावं लागतं. काही प्रश्नांत एकापाठोपाठ दोन प्रश्नचिन्हं असतात. दोन्हींना उत्तर हवं. एकाला दीड परिच्छेद आणि दुसऱ्याला एक ओळ, असं नको.

आणि भूमिका. सुरुवातीला "मी पूर्णपणे सहमत आहे", मधे दोन्ही बाजू समसमान आणि शेवटी "सरकारने आणि लोकांनी मिळून काम केलं पाहिजे". ही शेवटची ओळ तर जणू सगळ्या निबंधांना फुकट वाटलेली आहे. ७ ला भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट दिसावी लागते. ती टोकाची असायची गरज नाही. "मोफत केल्याने थोडा फरक पडेल, पण फेऱ्या वाढवल्याने जास्त पडेल" हीसुद्धा स्पष्ट भूमिका आहे. तुमचं खरं मत काय आहे याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नाही. जे मत मांडायला सोपं जाईल ते घ्या.

पाठ केलेली प्रस्तावना

"इन धिस मॉडर्न एरा", "इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक", "देअर आर टू साइड्स ऑफ अ कॉइन". मी ज्या क्लासला जात होते तिथे हा साचा पहिल्याच दिवशी छापील कागदावर हातात दिला होता. रिकाम्या जागेत विषय भरायचा. परीक्षक रोज निबंध वाचतात, त्यांना साचा पहिल्या ओळीत ओळखू येतो. पाठांतराला बक्षीस नाही, आणि प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर तेवढे शब्द हिशेबात धरले जात नाहीत. दोन वाक्यं बास: विषय तुमच्या शब्दांत आणि तुमचं उत्तर.

जोडशब्दांची माळ

याबद्दल थोडक्यात. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी जोडशब्द असेल तर ते यांत्रिक वाटतं, आणि ६ च्या रकान्यात यांत्रिक जोडणीचा स्पष्ट उल्लेख आहे. मराठीत आपण "शिवाय, त्याचबरोबर, तसेच, याव्यतिरिक्त" अशी चार वाक्यं ओळीने बोलतो का? "हा खर्च", "असे लोक", "त्यातले बहुतेक" असे मागच्या वाक्याकडे बोट दाखवणारे शब्द जास्त काम करतात. इंग्रजीत त्यासाठी धिस, दीज, सच, वन्स आहेत. एका परिच्छेदात एकच मध्यवर्ती गोष्ट ठेवली की निम्मे मोरओव्हर आपोआप गळतात.

भारी शब्दांचा मोह

प्लेथोरा, मिरियड, पॅरामाउंट, युबिक्विटस. या शब्दांनी कोणाचा बँड वाढलेला मी पाहिला नाही. ७ ला कमी प्रचलित शब्द हवेत हे खरं, पण त्याच ओळीत पुढे शैली आणि कोलोकेशनची जाणही मागितली आहे, ती ओळ कोणी वाचत नाही. कोलोकेशन म्हणजे कुठला शब्द कोणाच्या सोबतीने येतो ते. मराठीत पाऊस पडतो, थंडी पडते, ऊन पडतं. म्हणून एखादा नवशिका "वारा पडला" म्हणाला, तर त्याला म्हणायचं असतं वारा सुटला आणि आपण समजतो वारा थांबला. शब्द बरोबर, सोबत चुकीची, अर्थ नेमका उलटा. इंग्रजीत आपण तेच नवशिके असतो. "डू अ मिस्टेक" नाही, "मेक अ मिस्टेक". "स्ट्राँग रेन" नाही, "हेवी रेन". म्हणून सुटा शब्द वहीत लिहू नका, त्याचा सोबती धरून लिहा. "अवेअरनेस" नव्हे, "रेझ अवेअरनेस".

मराठी कानाच्या चुका

व्याकरणाचा निकष लंगडा असेल तर आनंदाची बातमी अशी की तुमच्या चुका शंभर प्रकारच्या नसतात. तीन-चार प्रकारच्याच असतात, त्याच पुन्हा पुन्हा. आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या मराठीतून झिरपलेल्या असतात.

आपण म्हणतो, "जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो". जरी आला की तरी येणारच. म्हणून इंग्रजीतही "ऑल्दो" च्या पाठोपाठ "बट" येतं: "ऑल्दो द प्लॅन इज गुड, बट इट इज एक्स्पेन्सिव्ह." इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतो. "बिकॉज" आणि "सो" ची जोडी तशीच, कारण आपल्या डोक्यात "कारण" आणि "म्हणून" असतं.

अनेकवचनाचा "एस" राहून जातो, त्याचंही मूळ इथेच आहे. आपल्याकडे पुल्लिंगी नाम आकारान्त नसेल तर अनेकवचनात तसंच राहतं: एक देश, दहा देश, एक विद्यार्थी, दहा विद्यार्थी. त्यामुळे "मेनी स्टुडंट" लिहिताना कान खटकत नाही. "वन ऑफ द रीझन इज" ही तर हमखास चूक. तिथे "रीझन्स" हवं. उलट बाजूने इन्फर्मेशन, इक्विपमेंट, ॲडव्हाइस, नॉलेज यांना एस लागत नाही, तिथे मात्र आपण हौसेने लावतो.

मग आर्टिकल्स. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे "अ" आणि "द" कानाने लागत नाहीत. सगळे नियम शिकायला वर्ष जाईल. मला कामी आलेली युक्ती सांगते: मोजता येणारं नाम एकवचनात असेल तर ते कधीही उघडं सोडायचं नाही, त्याच्या आधी अ, द, धिस, माय असं काहीतरी हवंच. "कार कॉजेस पोल्युशन" चूक. आणि सर्वसाधारण बोलायचं असेल, कोणती ठराविक गाडी मनात नसेल, तर सरळ अनेकवचन करा आणि "द" काढा: "कार्स कॉज पोल्युशन". शंका आली की अनेकवचन. एवढ्यानेच माझ्या आर्टिकलच्या निम्म्या चुका गेल्या.

स्वल्पविरामाचंही तेच. "ऊन वाढलं, माणसं घरात बसली" हे मराठीत सुंदर वाक्य आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक. पूर्णविराम द्या, नाहीतर मधे "अँड", "सो" असं काही घाला. याशिवाय "पीपल आर हॅविंग", "डिस्कस अबाउट", "कोप अप विथ" आणि "आय नो व्हॉट इज द रीझन" हे नेहमीचे पाहुणे. शेवटच्यात "व्हॉट द रीझन इज" असा क्रम हवा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. एका वहीत चुकांचा जमाखर्च ठेवा. डावीकडे तुमचं चुकीचं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं आणि शेजारी प्रकार. तीन निबंधांत कुठले दोन प्रकार सर्वांत जास्त वेळा आले ते मोजा. पुढच्या निबंधाच्या शेवटच्या चार मिनिटांत फक्त तेवढेच दोन प्रकार शोधायचे. सगळ्या चुका एकदम शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही.

चुका सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बरेच जण विचारतात. वापरा, पण आधी स्वतः शोधून मग. लाल रेघ आली, क्लिक केलं, रेघ गेली. हात शिकला, डोकं नाही. परीक्षेत संगणकावर लिहितानाही स्पेलिंग तपासणी नसते, म्हणून सराव करताना ऑटोकरेक्ट बंद ठेवा. पहिल्या दिवशी घाम फुटेल.

टास्क १ ला सावत्र वागणूक

निबंधाच्या भीतीने टास्क १ कडे दुर्लक्ष होतं, किंवा उलट, त्यातच पस्तीस मिनिटं जातात. तास एकच आहे. टास्क १ ला २० आणि टास्क २ ला ४० मिनिटं ही सूचना प्रश्नपत्रिकेतच दिलेली असते, ती पाळा.

टास्क १ मध्ये बँड खाणारी चूक एकच आहे: ओव्हरव्ह्यू नसणं. समजा, रेषालेखात तीन देशांतल्या इंटरनेट असलेल्या घरांचं प्रमाण दाखवलंय. बहुतेक जण पहिल्या वर्षापासून सुरू करतात, एकेक आकडा वाचत शेवटच्या वर्षाला पोचतात. पण लांबून, डोळे किलकिले करून बघितलं तर काय दिसतं? तिन्ही रेषा वर गेल्या, आणि सुरुवातीला तळाला असलेला देश शेवटी सगळ्यांच्या वर पोचला. हीच दोन वाक्यं म्हणजे ओव्हरव्ह्यू. त्यात आकडे नकोत. स्पष्ट ओव्हरव्ह्यू नसलेलं यांत्रिक वर्णन ५ च्या रकान्यात जातं, मग इंग्रजी कितीही छान असो. मी तो दुसऱ्याच परिच्छेदात लिहून मोकळी होते, शेवटाला ठेवला तर वेळ संपतो.

आकड्यांत एक बारीक खड्डा आहे. २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलं तर "इन्क्रीझ्ड टू ३०" किंवा "इन्क्रीझ्ड बाय १० पर्सेंटेज पॉइंट्स". "बाय १० पर्सेंट" चूक, कारण मुळात वीस असताना दहाची भर म्हणजे पन्नास टक्के वाढ. आणि लेखात दिसतं तेवढंच लिहा. वाढ कशामुळे झाली असेल यावर तुमचे तर्क इथे नकोत.

वेळ आणि शब्द

टास्क १ ला किमान १५०, टास्क २ ला किमान २५० शब्द. टास्क २ साठी २६० ते २९० लिहा. ३५० लिहिल्याने जास्त गुण मिळत नाहीत, जास्त चुका मात्र होतात आणि तपासायला वेळ उरत नाही. संगणकावर शब्दसंख्या समोर दिसते. कागदावर देणार असाल तर आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते घरी मोजून ठेवा, तिथे मोजत बसू नका.

कागद की संगणक हा पर्याय मिळत असेल आणि टाइप करायचा वेग बरा असेल तर संगणक निवडा. मधलं वाक्य उचलून दुसरीकडे नेता येतं, ही मोठी सोय आहे. पण दोन बोटांनी टाइप करत असाल तर त्याच सोयीचं ओझं होतं.

पहिली पाच मिनिटं न लिहिता घालवणं मला सगळ्यांत जड गेलं. शेजारचा खटाखटा टाइप करत असतो आणि आपण नुसते बसलेलो. त्या पाच मिनिटांत मी तीन ओळी खरडते: प्रश्नात कामं किती, माझं उत्तर एका वाक्यात काय, आणि दोन कारणं, प्रत्येकापुढे "असं का". दुसरं कारण पहिल्याचंच भावंड निघालं, तर तिथेच बदलते. चौथ्या परीक्षेत याच पाच मिनिटांनी मला वाचवलं, कारण प्रश्नातला "ओन्ली" हा शब्द मला तिसऱ्या वाचनात दिसला.

निकाल पटला नाही तर

फेरतपासणी मागता येते, त्याला एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स म्हणतात. परीक्षेच्या तारखेपासून ६ आठवड्यांच्या आत अर्ज करायचा. बँड वाढला तर शुल्क परत मिळतं. बाकी तीन विभाग आठच्या आसपास आणि रायटिंग एकदम सहा, असा मोठा खड्डा असेल तर विचार करा. पण वर सांगितलेल्या चार तपासण्यांत तुमचा निबंधच लंगडा निघाला असेल तर पैसे तयारीला ठेवा.

दुसरा मार्ग वन स्किल रीटेक. संगणकावर परीक्षा दिली असेल तर काही ठिकाणी चारपैकी फक्त एक विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. सगळ्या संस्था हा निकाल मान्य करत नाहीत, म्हणून जिथे अर्ज करायचा आहे तिथे आधी विचारून घ्या. आणि साठ दिवस आहेत म्हणून आठव्या दिवशी परत बसू नका.

परीक्षा दहा दिवसांवर असेल तर

नवा विषय घेऊ नका. तीन जुने निबंध घ्या आणि चार तपासण्या लावा. सर्वांत लंगडा निबंध दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा, मूळचा न बघता. तिसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून स्वच्छ वाक्यं मोजा. मग दुसरा निबंध, तसाच. मधल्या दिवसांत टास्क १ चे फक्त ओव्हरव्ह्यू लिहायचे, रोज तीन, बाकी मजकूर नाही. आणखी दहा वेगवेगळे प्रश्न घ्या, त्यांचा निबंध न लिहिता पाच मिनिटांतली ती तीन ओळींची आखणी करा. शेवटच्या आठवड्यात पूर्ण साठ मिनिटांचा सराव दोनदा, सलग, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आदल्या दिवशी चुकांची वही एकदा वरून खाली वाचा, विशेषतः उजवी बाजू.